चिकटवलेला धडा

६ जानेवारी, सोमवार

कोंबड्यांच्या औषधाची पावडर पुरवणाऱ्या पावडरवाल्याने यंदा कॅलेंडरऐवजी डायरी दिली. जाड पुठ्ठा, आत रेशमी दोरी, आणि दर पानाच्या तळाशी एकेक सुविचार. आजचा सुविचार: वेळ कुणासाठी थांबत नाही. हे सांगायला छापखाना कशाला लागतो कुणास ठाऊक. पण कोरा कागद वाया घालवणं माझ्या रक्तात नाही, म्हणून लिहितो.

माझं शिक्षण चौथी. वडील गेले तेव्हा थोरली बहीण, आमची आक्का, सोळा वर्षांची होती. बारा कोंबड्या आणि एक मोडका पिंजरा एवढ्यावर तिने मला वाढवलं. स्वतःचं लग्न राहून गेलं ते गेलंच. आज पाच शेड आहेत, वीस हजार पक्षी आहेत. बायको जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा आणि सून लांब नोकरीला, त्यांची मुलगी चिमणी आमच्याजवळ राहून नववीत शिकते. आणि ज्या शाळेचा उंबरा मला पाचवीला ओलांडता आला नाही, त्या शाळेच्या समितीचा मी अध्यक्ष आहे.

देवाने मला उंची दिली नाही, रूप दिलं नाही, कान मात्र दिले. पहाटे शेडच्या दाराशी पाच मिनिटं उभा राहिलो की सांगतो, डाव्या कोपऱ्यातल्या दोनशे पिल्लांना घरघर लागली आहे. माणसांचंही मला तसंच ऐकू येतं.

आज वकील आणि तीन पालक आले होते. वकील समितीवरच आहेत, पण अर्ज घेऊन आले की ते पालक होतात.

"अध्यक्ष, दहावीच्या विज्ञानात एक धडा आहे. माणूस माकडापासून झाला म्हणे."

मी म्हटलं, "तुमच्या चिरंजीवांचे सहामाहीचे गुण बघता, प्रवास परतीचाही असू शकतो."

पालक हसले. वकील हसले नाहीत. त्यांचं म्हणणं, जग देवाने घडवलं असं घरी शिकवायचं आणि ते आपोआप झालं असं शाळेत, म्हणजे पोरांनी विश्वास ठेवायचा कुणावर.

मला विचाराल तर जग देवानेच घडवलं. सातव्या दिवशी अंडं दिव्यासमोर धरावं, आत लाल जाळ्यात एक ठिपका धडधडत असतो. हे आपोआप होतं म्हणणाऱ्याने एकदा आमच्या उबवणीघरात यावं. पण धडा छापणारेही काही अगदीच दगड नसतील. मी म्हटलं, बघू. अध्यक्षाचं निम्मं काम 'बघू' या शब्दावर चालतं.

मर: अकरा. (वीस हजारांत अकरा पक्षी मेले तर तो दिवस चांगला.)

१६ जानेवारी

दहावीचा वर्ग शेड बघायला आला. बरोबर विज्ञानाच्या बाई. पोरं त्यांना भिंगबाई म्हणतात, कारण गळ्यात चष्म्याच्या दोरीला भिंगही अडकवलेलं असतं. सडपातळ, पाठ ताठ, बोलणं मऊ. अशा माणसांशी जपून बोलावं.

बाईंनी विचारलं, "हे पक्षी एवढ्या लवकर एवढे मोठे कसे होतात?"

"निवडीने. तीस वर्षं हेच करतोय. जी कोंबडी झपाट्याने वाढली, रोगाला टिकली, तिचीच अंडी उबवायला ठेवायची. बाकीच्या बाजारात."

बाई पोरांकडे वळल्या. "ऐकलंत? आपला धडा इथे दाणे टिपतोय."

मी म्हटलं, "बाई, निवड मी केली. आपोआप नाही झाली."

"मान्य. पण जिथे तुम्ही निवडायला जात नाही तिथे काय होतं? या पाण्यात औषध आहे ना?"

"रोज चिमूटभर. रोग यायच्या आधीच पावडर द्यायची. पक्षी अंगानेही भरतात."

"त्याने काय मरतं?"

"जंतू."

"सगळे?"

"उरलेले मोजायला कोण जाणार, बाई?"

"मी जाते," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी कापूस गुंडाळलेल्या काड्या काढून पोरांना शेडच्या कोपऱ्याकोपऱ्यातले नमुने घ्यायला लावले. मीही हौसेने दाखवले कोपरे.

आक्का तिथेच तूस पसरत होती. ती म्हणाली, "पावडर गुणाची आहे. आम्हीपण घेतो की. पोट बिघडलं, पावडर. बोट कापलं, वरून पावडर. दवाखान्यात जाऊन बसायला सवड कुणाला?"

बाईंनी तिचा हात हातात घेतला, भिंग लावून बोटं बघितली, बराच वेळ. आक्का खूश. नंतर मला म्हणाली, "मला वाटलं हात बघून भविष्य सांगते का काय."

मर: तेरा.

१ फेब्रुवारी, शनिवार

शाळेत विज्ञानाचं प्रदर्शन. फीत मी कापली. कोंबडीवाल्याच्या हातात कात्री शोभते, असं मीच म्हणालो आणि टाळ्या घेतल्या. तिथपर्यंत सगळं छान चाललं होतं.

चौथ्या टेबलावर काचेच्या चपट्या बशा, झाकणं चिकटवून बंद केलेल्या. दोन वेण्यांची एक मुलगी खड्या आवाजात सांगत होती, "या बशीत शेडमधले जंतू वाढवले आहेत. या पाच कागदी टिकल्यांना पाच वेगवेगळी औषधं लावली आहेत. औषध चाललं तर टिकलीभोवतीचे जंतू मरतात आणि मोकळं कडं दिसतं."

मी वाकून बघितलं. पाचातल्या चार टिकल्यांना कडं नव्हतंच. साय धरावी तसे जंतू टिकलीला चिकटून वाढले होते. पाचवीभोवती नखाएवढं होतं.

"म्हणजे चार औषधं फुकट," मुलगी म्हणाली. "कारण रोज थोडं थोडं औषध मिळालं. कमजोर जंतू मेले, दणकट उरले, आणि पुढची सगळी पिल्लावळ त्यांचीच झाली. यालाच निवड म्हणतात. पान एकशे बारा."

"कुठल्या शेडमधले गं हे?" कुणीतरी विचारलं.

"अध्यक्षांच्या," ती म्हणाली. अभिमानाने म्हणाली. प्रयोगशाळा मी बांधून दिली आहे ना.

मागे अंड्यांचे दोन व्यापारी उभे होते. त्यांना वाटलं मी पुढे गेलो. एक म्हणाला, "तू उचलतोस ना यांच्याकडून?" दुसरा म्हणाला, "आता विचार करावा लागेल." हे कान कधीकधी नको होतात.

बाई मला दाराशी गाठून म्हणाल्या, "नाव सांगायचं नव्हतं. पोरीच्या तोंडून गेलं, चूक माझी आहे. पण बशी खोटी नाही, अध्यक्ष. पावडर थांबवा. निदान आक्कांनी तरी ती स्वतःला लावू नये."

मी हसून म्हटलं, बघू.

४ फेब्रुवारी

दोघांपैकी एका व्यापाऱ्याने गाडी पाठवली नाही. विचारलं तर म्हणतो टायर फुटला. टायर माझ्याच वाटेवर कसे फुटतात.

खोटं बोलायला ही जागा नाही, म्हणून लिहून ठेवतो. बशीवर बंदी घालता येत नाही. बशीवर बंदी घातली की गाव म्हणेल, काहीतरी आहे. धड्यावर मात्र बंदी घालता येते, त्याला अर्ज आहे, सह्या आहेत, देव आहे. धडा गेला की बाई जाईल, ती आपल्या मताची आहे. आणि बाई गेली की बशी गेली.

वकिलांना फोन केला. "तो तुमचा अर्ज जरा वर काढा."

"तुम्हाला पटलं म्हणायचं," वकील गहिवरून म्हणाले.

"हळूहळू पटलं," मी म्हटलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

समितीची सभा. वकील पाऊण तास बोलले. त्यातलं फार काही लिहिण्यासारखं नाही. पण एक आई उठली, शिवणकाम करणारी बाई, बोटाला टाचणीची भोकं. ती म्हणाली, "मला भाषण येत नाही. माझ्या पोराने जेवताना मला विचारलं, आई, खोटं कोण बोलतंय, तू का बाई? घास घशात अडकला माझ्या. मी त्याला काय सांगायचं तेवढं सांगा."

भिंगबाई उभ्या राहिल्या आणि वकिलांकडे न बघता त्या आईकडे बघून बोलल्या.

"सांगा, दोघी खरं बोलतो. मी रोज सकाळी प्रार्थनेला पोरांच्या पुढे उभी असते, हात जोडून. माझ्या घरात देवाचं आणि या धड्याचं भांडण नाही. सुरुवात कुणी केली ते मी शिकवतच नाही. सुरू झाल्यावर काय काय बदलत गेलं, आणि अजून बदलतंय, एवढंच शिकवते. ते न शिकता पोरं मोठी झाली तर उद्या त्यांच्याच अंगावर येईल."

ती आई मान हलवायला लागली. आणखी दोघेजण हलवायला लागले. उत्तर चांगलं होतं. मलाही पटलं. म्हणून मी लगेच घड्याळाकडे बघितलं आणि मतं घेतली.

सहा विरुद्ध दोन. हा धडा वर्गात शिकवणार नाही अशा हमीपत्रावर बाईंनी सही करायची. त्यांनी कागद वाचला, घडी घातली आणि मुख्याध्यापिकांच्या टेबलावर ठेवला. सही नाही. वर्ष संपलं की कामावरून कमी.

बाहेर व्हरांड्यात मला म्हणाल्या, "तुम्हाला धडा नकोय, की बशी?"

"बाई," मी म्हटलं, "कान तुमचेही तिखट आहेत."

त्या हसल्या नाहीत. व्हरांड्यातून सरळ वर्गाकडे निघाल्या.

१८ फेब्रुवारी

शाळेची पुस्तकं मुलांना वर्षभर वापरायला देतात आणि परत घेतात. वकील म्हणाले, धडा फाडून टाका. मी दाखवलं, शेवटच्या पानाच्या पाठीवर 'उष्णता' हा पुढचा धडा सुरू होतो, तो कुणाच्या श्रद्धेआड येत नाही. मग मीच युक्ती काढली. फाडायचं नाही, पानं एकमेकांना चिकटवायची. शिपायाने खळ शिजवली, व्हरांड्यात सतरंजी टाकली, दीडशे पुस्तकं. वकील स्वतः बसले आणि त्यांनी कोटाची बाही एकशे आठव्या पानाला चिकटवून घेतली. मी म्हटलं, आयुष्यात पहिल्यांदाच वकील एखाद्या गोष्टीला चिकटून राहिले. शिपाई पोट धरून हसला.

बशा उकळून टाकून दिल्या. प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे.

मर: एकवीस. हवा बदलते आहे.

२९ मार्च

भिंगबाईंचा शेवटचा दिवस. संध्याकाळी आक्काला भेटायला घरी आल्या. मी पलीकडच्या खोलीत, पंखा बंद केला.

आक्का म्हणाली, "तू जातेस ती माझ्या भावामुळे?"

"नाही हो. धड्यामुळे."

"म्हणजे भावामुळेच. मला काय कळत नाही होय? त्याला मी बोट धरून चालायला शिकवलंय."

"आक्का, माझं एक ऐका. कुठे कापलं, सुजलं, ताप आला तर पावडर लावायची नाही. सरळ मोठा दवाखाना. आणि तिथे सांगायचं, मी कोंबड्यांत काम करते."

"एवढं काय आहे त्या पावडरीत?"

"पावडरीत काही नाही. पावडरीला जे पुरून उरलेत त्यांच्यात आहे."

१ एप्रिल

बाई गेल्यावर आक्का दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. आज तिसऱ्या दिवशी ताट वाढताना म्हणाली, "चौथीपर्यंत शिकून एवढा शहाणा झालास. सातवी झाला असतास तर मला बाजारात उभी केली असतीस."

१२ एप्रिल

मर: बेचाळीस. तिसऱ्या शेडमध्ये घरघर स्पष्ट ऐकू येते आहे. पावडरवाल्याला बोलावलं. त्याने एक पक्षी हातात घेतला, डोळा उघडून बघितला, परत ठेवला.

"डोस दुप्पट करा."

"दुप्पट केला की थांबेल?"

"नाही थांबलं तर तिप्पट आहेच की."

माणूस आनंदी आहे. कोणत्याही प्रश्नाला त्याच्याकडे आकडा असतो.

२१ मे

काल जाळी ओढताना आक्काच्या उजव्या तळव्यात तार घुसली. रक्त फार नाही आलं. तिने धुतलं, पावडर भरली, फडकं बांधलं आणि पाणी सोडायला गेली. मी म्हटलं, "बाई काय म्हणाल्या होत्या?"

"म्हणाल्या होत्या खरं," ती म्हणाली. "पण आज बारा हजार पिल्लं यायची आहेत. ती काय बाईंना विचारून येतात?"

मी आग्रह केला नाही. माणूस कमी पडत होता.

२४ मे, शनिवार

हात मनगटापर्यंत सुजला आहे. बोटं मिटत नाहीत. अंगात ताप. गाडीत घालून मोठ्या दवाखान्यात आणलं. वाटेत तिचं एकच, "पाच नंबरला पाणी सोडलं का?"

डॉक्टर तरुण आहेत. चांगले वाटले. त्यांनी विचारलं, "या काम काय करतात? शेती, जनावरं, काही?"

मी म्हटलं, "घरीच असतात."

का म्हटलं ते लिहायला हवं. ते कागदावर लिहीत होते. कागद कुठे जातो सांगता येत नाही. कागद गेला की साहेब येतात, साहेब आले की शेडला टाळं. आणि औषध ते औषधच, कोंबडीवालीला वेगळं आणि घरवालीला वेगळं थोडंच असतं. आक्का ग्लानीत होती. शुद्धीवर असती तर तिनेच सांगितलं असतं.

२६ मे

सलाईनमधून औषध चालू आहे. उतार नाही. काल दुसरं लावलं, त्यानेही नाही. अंगठ्याजवळ काळं पडलंय. डॉक्टर म्हणाले, "पू तपासायला पाठवलाय. प्रयोगशाळेत जंतू वाढवून बघतात कोणतं औषध चालतं ते. त्याला वेळ लागतो. तोवर अंदाजाने द्यावं लागतं, आणि माझा अंदाज चुकतोय. एरवी घरच्या माणसाला याने दोन दिवसांत आराम पडतो."

मी औषधांची चिठ्ठी घेऊन खालच्या दुकानात गेलो.

चिमणी संध्याकाळी आली होती. रडू नको म्हटलं तर म्हणाली, "आजोबा, मी भिंगबाईंना फोन केलाय."

"कशाला?"

"त्यांनी सांगून ठेवलं होतं, आक्काआजीला काही झालं तर कळव म्हणून."

शेडवर मर किती ते विचारलं नाही.

२७ मे

बाई दोन बस बदलून आल्या. माझ्याशी बोलल्या नाहीत. आक्काच्या कपाळाला हात लावला आणि सरळ डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. दार लोटलेलं होतं, पण त्यांना मोठ्याने बोलायची गरज पडली नाही आणि मला ऐकायची अडचण पडली नाही. चाळीस वर्षं पोल्ट्री. पाण्यातून रोज औषध. जखमेत तेच औषध. बशी. चार टिकल्या.

डॉक्टर बाहेर आले. माझ्यासमोर उभे राहिले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"शनिवारी मी तुम्हाला विचारलं होतं."

"हो."

"हे तेव्हा कळलं असतं तर मी सुरुवातच दुसरीकडून केली असती. तीन दिवस गेले. आता हात वाचत नाही. माणूस वाचतो का बघू."

बघू. हा शब्द समोरच्या बाजूने ऐकायची मला सवय नाही.

२८ मे

मनगटाच्या वरून हात काढला. सही मी केली. उजवा हात. तोच हात धरून मी पहिलीच्या वर्गात गेलो होतो.

एक नवीन औषध सुरू केलंय. डॉक्टर म्हणाले, "हे आम्ही राखून ठेवतो, सहसा कुणाला देत नाही. मूत्रपिंडाला त्रास होऊ शकतो. पण हेच चालेल असं वाटतंय. याच्यामागे आमच्या कपाटात काही नाही."

बाटलीवरचं नाव मी या डायरीच्या मागच्या पानावर उतरवून घेतलं.

२ जून, सोमवार

ताप उतरला. आक्काने डोळे उघडले, उजवीकडे बघितलं, बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "आता ओवाळून टाकायचं तेवढं डाव्याने टाकेन. तू जेवलास का?"

मी बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो.

बाई व्हरांड्यात बसल्या होत्या. सहा दिवस रोज येतात. मी मनापासून म्हटलं, "बाई, तुमचे उपकार फिटायचे नाहीत. शाळेत परत या. समितीला मी सांगतो, माझा शब्द कुणी मोडत नाही. फक्त तो धडा तेवढा राहू द्या बाजूला. लोकांच्या भावना आहेत."

"पुढच्या वर्षी एखादं पोर विचारेल, बाई, कालपर्यंत चालणारं औषध आज का चालत नाही? त्याला काय सांगू?"

"सांगा, देवाची इच्छा."

"ते सांगायला मी कशाला हवी, अध्यक्ष?"

पिशवी उचलून गेल्या. बाई गुणी आहे, पण हट्टी. एका धड्यासाठी माणूस एवढं अडून बसतं का? पुस्तकात पंधरा धडे आहेत.

२० जून

आक्काला घरी आणलं. पाय सुजतात, पाणी मोजून प्यायला सांगितलंय, पण उठून बसते. डाव्या हाताने भात खाते, सांडते, आणि सांडलेलं बघून मलाच रागावते.

तिकडे शेडवर अवकळा आली आहे. मर: एकशे साठ. पावडर तिप्पट झाली, उपयोग शून्य. पहाटे दाराशी उभं राहवत नाही. पाचही शेड एकदम घरघरतात, म्हाताऱ्या माणसांनी भरलेल्या खोलीसारख्या. चाळीस वर्षांत असं ऐकलं नव्हतं. हे असंच चाललं तर पावसाळ्याअखेर पिंजरे विकावे लागतील, आणि आक्काने हात गमावला तो कशासाठी?

२८ जून

आज एकदम डोक्यात उजेड पडला. एवढे दिवस सुचलं कसं नाही याचंच नवल.

पक्ष्यांना जे झालंय तेच आक्काला झालं होतं. तपासणीचा कागद आल्यावर डॉक्टरच म्हणाले होते, शेडमधलेच जंतू. मग आक्काला जे लागू पडलं ते पक्ष्यांना का पडू नये? डॉक्टर राखून ठेवतो म्हणाले, म्हणजे माल कमी येत असणार. दवाखान्यांचं असंच असतं, चांगला माल मागे ठेवतात.

मागचं पान काढून पावडरवाल्याला नाव वाचून दाखवलं. तो हसायला लागला.

"हे होय? हे पक्ष्यांसाठी गोणीत येतं. पंचवीस किलोची गोणी. कुणी मागत नव्हतं म्हणून आणत नव्हतो."

"कुणी अडवणार नाही ना?"

"विचारलं तर अडवतील. म्हणून आपण विचारायचं नसतं."

एवढं मोठं औषध, आणि डॉक्टर बाटली बाटली करत बसले होते. मी म्हटलं, चार गोण्या पाठव. रोज द्यायचं का, असं त्याने विचारलं. म्हटलं, रोज. थोडं थोडं. पुन्हा रोगाची वाट बघायची माझी तयारी नाही.

१ जुलै

गोण्या आल्या. फोडायच्या आधी मन थोडं अडखळलं. डॉक्टरांचं ते वाक्य, याच्यामागे कपाटात काही नाही, कानातून जात नाही. माझे कान म्हणजे ऐकलेलं सोडत नाहीत, अर्थ लागो न लागो.

चिमणी यंदा दहावीत गेली. अभ्यासाला बसली होती. तिला विचारलं, "काय गं, एखादं औषध माणसालाही द्यायचं आणि कोंबड्यांनाही रोज द्यायचं, याने काही बिघडतं का?"

तिने पुस्तक उघडलं. चिकटवलेल्या पानांचा तो जाड पुठ्ठा दोन बोटांत धरला, खिडकीच्या उजेडाकडे करून डोळे बारीक केले. दोन्हीकडची अक्षरं एकमेकांत मिसळलेली.

"यात असेल, आजोबा. एकशे बारावर 'निवड' एवढंच दिसतंय."

"पुढे काय आहे?"

"नाही लागत. आम्हाला हा धडा नाहीये. नवीन सर म्हणाले परीक्षेत येणार नाही."

"मग राहू दे," मी म्हटलं. परीक्षेत येत नाही त्याच्यावर पोरीचा वेळ कशाला घालवायचा.

तिने पुस्तक मिटलं नाही. तशीच बघत बसली होती, मी खोलीतून बाहेर पडेपर्यंत.

९ जुलै, बुधवार

मर: चार.

पुन्हा लिहितो, चार. एकशे साठवरून चारवर, आठ दिवसांत. पहाटे पाचही दारांशी उभा राहिलो. कुठे घरघर नाही, खोकला नाही. नुसता दाणे टिपण्याचा आवाज, पत्र्यावर बारीक पाऊस पडावा तसा. असं ऐकायला मिळावं म्हणून तर माणूस चाळीस वर्षं राबतो. व्यापाऱ्याची गाडीही आली. टायर दुरुस्त झालेला दिसतोय.

समितीतही सांगितलं. वकील म्हणाले, "देवाने ऐकलं." मी म्हटलं, "ऐकलं खरं, पण औषध मी शोधलं." सगळे हसले. आक्काच्या नावाने प्रयोगशाळेला एक नवीन कपाट द्यायचं ठरलं.

घरी आलो तर आक्का पलंगावर नाही. शोधत गेलो. पाच नंबरच्या टाकीशी उभी होती, औषध पाण्यात टाकत होती. डॉक्टरांनी तीन महिने शेडवर जायला बंदी केली आहे, ती कुणाला सांगता.

डावा हात कोपरापर्यंत टाकीत घालून ती पाणी ढवळत होती. चार बोटांना बांबूच्या कुसांचे ताजे ओरखडे, अजून ओले. मी म्हटलं, "अगं, काठी घे ना."

"काठीला काय कळतं," ती म्हणाली. "विरघळलं का नाही ते हातालाच कळतं. आणि हे औषध आपलं ओळखीचं आहे. यानेच मला वाचवलं."

ते खरंच होतं. मी बाजूला बादली उलटी टाकून बसलो, आणि तिचं ढवळून होईपर्यंत आम्ही दोघं पक्ष्यांचं खाणं ऐकत राहिलो.